पंचवीस सेकंदांचा तास

अमेरिकेतील शाळांतून विज्ञान आणि गणित शिकविणाऱ्या शिक्षकांना विमानातून आकाशात न्यावयाचे, तेथे त्यांना वजनरहित अवस्थेचा अनुभव द्यावयाचा आणि तो अनुभव घेऊन त्यांनी आपापल्या वर्गात परतावयाचे, असा एक उपक्रम २००६ साली त्या देशात सुरू झाला. विमाने, उपग्रह आणि शस्त्रास्त्रे बनविणाऱ्या नॉर्थ्रॉप ग्रमन या बलाढ्य कंपनीच्या प्रतिष्ठानाने त्याचा खर्च उचलला आणि झीरो ग्रॅव्हिटी कॉर्पोरेशन या खाजगी कंपनीचे विमान त्यासाठी वापरण्यात आले. उपक्रमाचा रोख मुख्यतः सहावी ते आठवीच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांवर होता. याच वयात मुलांचे विज्ञान-गणिताशी असलेले नाते एक तर जुळते किंवा कायमचे तुटते, असे योजकांचे म्हणणे होते. निळ्या गणवेशातील प्रौढ शिक्षक-शिक्षिका हवेत कोलांट्या घेत आहेत, पाण्याचे तरंगते थेंब तोंडाने टिपत आहेत, अशी दृश्ये त्यानंतर लोकांसमोर आली. ती पाहून काहींना कौतुक वाटले, तर काहींना ही निव्वळ जाहिरातबाजी वाटली. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. शिक्षकाला हवेत तरंगविल्याने विज्ञानाचे शिक्षण सुधारते काय, हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही आणि त्याचे उत्तरही वाटते तितके सरळ नाही.

वजन जाते कोठे?

या उड्डाणांचे मोल ठरविण्यापूर्वी त्यांत नेमके काय घडते ते पाहावयास हवे. यासाठी वापरलेले विमान बोइंग ७२७ जातीचे होते. त्याच्या पोटातील बहुतेक आसने काढून टाकून तळाला आणि भिंतींना मऊ गाद्या लावलेल्या होत्या. सुमारे २४,००० फुटांवरून हे विमान नाक वर करून चढू लागते. तिरपेपणा ४५ अंशांपर्यंत जातो. या वेळी आतील माणसांना आपले वजन १.८ पट झाल्यासारखे वाटते. ६० किलो वजनाच्या माणसाला आपण १०८ किलोंचे झालो आहोत असा भास होतो आणि साधा हात उचलणेही जड जाते. त्यानंतर वैमानिक विमानाला जणू मोकळे सोडतो. इंजिनांचा रेटा हवेच्या अवरोधाची भरपाई होईल इतकाच ठेवला जातो आणि पंखांची उचल जवळजवळ शून्यावर आणली जाते. मग विमान हाताने फेकलेल्या दगडाच्या वाटेने, म्हणजे गणितात ज्याला अन्वस्त किंवा पॅराबोला म्हणतात त्या वक्राने जाऊ लागते. सुमारे ३२,००० फुटांवर माथा गाठून ते खाली झुकते आणि वैमानिक त्याला पुन्हा सावरून घेईपर्यंतच्या २० ते २५ सेकंदांत आतील माणसे आणि वस्तू तरंगत राहतात. एका उड्डाणात अशा साधारणतः १५ फेऱ्या होतात. पहिल्या काही फेऱ्यांत वक्र थोडा बदलून मंगळावरील, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, आणि चंद्रावरील, म्हणजे एक षष्ठांश वजनाचा अनुभव दिला जातो. सगळी बेरीज केली तरी खऱ्या वजनरहित अवस्थेची मिनिटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भरतात.

ही युक्ती नवी नाही. फ्रिट्झ आणि हाइन्झ हाबर या मूळच्या जर्मन बंधूंनी १९५० साली ती सुचविली आणि लवकरच अमेरिकेत ती विमानांवर अजमावून पाहण्यात आली. मर्क्युरी योजनेतील पहिल्या अमेरिकी अंतराळवीरांपासून पुढच्या सर्वांचा सराव याच पद्धतीने झाला. 'नासा'च्या केसी-१३५ या विमानाने हे काम २००४ पर्यंत केले. पोटात ढवळून येणाऱ्या प्रवाशांमुळे त्या विमानाला 'वांतीचा धूमकेतू' अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले होते. २००४ सालीच झीरो ग्रॅव्हिटी कंपनीला सामान्य प्रवासी नेण्याची सरकारी अनुज्ञा मिळाली आणि अंतराळवीरांपुरता असलेला हा अनुभव पैसे मोजणाऱ्या कोणालाही खुला झाला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी, शरीर जवळजवळ पूर्णपणे निकामी झालेले असताना, २००७ च्या एप्रिलमध्ये याच कंपनीच्या विमानातून असे उड्डाण केले.

येथवरचा तपशील कुतूहलाचा आहे. पण शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अंतराळयानात वस्तू का तरंगतात, असे शाळेतील मुलांना विचारले तर 'तेथे गुरुत्वाकर्षण नसते' हे उत्तर हमखास मिळते. मुलेच कशाला, मोठ्या माणसांतही, आणि त्यांत शिक्षकही आले, हीच समजूत दृढ असते. वस्तुतः पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश इतके असते. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ रेषेत निघून गेले असते. स्थानक, त्यातील माणसे आणि माणसांच्या हातातील पेन्सिल ही सर्व एकाच वेगाने सतत पृथ्वीकडे पडत असतात; मात्र ताशी सुमारे २८,००० किलोमीटर या आडव्या वेगामुळे पडता पडता ती पृथ्वीची कड ओलांडून जातात. वजन जाणवते ते पायांखालची जमीन वर रेटते म्हणून. जमीनच आपल्याबरोबर पडू लागली की रेटा संपतो आणि वजनाची जाणीवही संपते. डोंगरमाथ्यावरून तोफगोळा अधिकाधिक वेगाने सोडल्यास काय होईल, या न्यूटनच्या कल्पनेत या वर्णनाचे बीज होते. उंचावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार १९०७ साली आइन्स्टाइनला सुचला आणि त्यातून त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताचा पाया घातला गेला.

विमानातील शिक्षकाला हे सगळे अंगावर अनुभवावयास मिळते. विमान ज्या उंचीवर असते तेथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत एक टक्क्यानेही कमी झालेले नसते. तरीही तो तरंगतो. इतकेच नव्हे, तर विमान अजून वर चढत असतानाच, माथा गाठण्यापूर्वीच, तो तरंगू लागतो. 'पडणे' म्हणजे खाली जाणे एवढाच अर्थ मनात धरलेल्या माणसाला हा मोठाच धक्का असतो. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्या क्षणापासून मुक्तपतनातच असतो, हे वाक्य पुस्तकात वाचणे निराळे आणि तो चेंडू आपण स्वतः होणे निराळे. असा धक्का बसलेला शिक्षक पुढच्या वर्षी तोच धडा शिकवितो तेव्हा मुले कोठे अडखळतील हे त्याला आधीच ठाऊक असते, कारण तो स्वतः तेथे अडखळलेला असतो.

पाहुणा आणि प्रयोगकर्ता

या उपक्रमाचा एक भाग प्रसिद्धीत मागे पडला. शिक्षकांनी केवळ कोलांट्या घ्यावयाच्या नव्हत्या. उड्डाणापूर्वी त्यांना या विषयाची तयारी करावयाची होती, करावयाचे प्रयोग ठरवावयाचे होते, ते विमानात करून त्यांचे चित्रीकरण करावयाचे होते आणि परतल्यावर ते सर्व वर्गापुढे मांडावयाचे होते. वजनरहित अवस्थेत लंबक झोके घेईल काय? ताणकाट्याला अडकविलेल्या दगडाचे वजन किती दिसेल? भांड्यातील पाणी कोणता आकार घेईल? एक जड आणि एक हलका डबा, दोन्ही तरंगत असताना, कोणता जड हे कसे ओळखावे? या प्रश्नांची उत्तरे विचार करून काढता येतात. लंबक झोके घेत नाही, धक्का दिल्यास सरळ गोल फिरत राहतो. ताणकाटा शून्य दाखवितो. पाणी पृष्ठताणामुळे गोळा होऊन राहते. डबे हातांनी मागे-पुढे हलविले की जड डबा अधिक विरोध करतो, कारण वजन हरवले तरी वस्तुमान आणि जडत्व जागच्या जागी असतात. पण उड्डाणापूर्वी विद्यार्थ्यांनी अंदाज बांधलेला असावा, तो फळ्यावर लिहून ठेवलेला असावा आणि आपल्या बाई तो पडताळून पाहावयास गेलेल्या असाव्यात, या व्यवस्थेने वर्गातील वातावरणच बदलते. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नसून २५ सेकंदांच्या त्या अवधीत आहे, आणि ते आपल्या अंदाजाविरुद्धही जाऊ शकते, हे मुलांना कळते.

शिक्षक हा बहुतेक वेळा दुसऱ्याने मिळविलेल्या ज्ञानाचा वाहक असतो. यात कमीपणा काही नाही, कारण त्याच्यावाचून ते ज्ञान पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. परंतु वर्षानुवर्षे तेच धडे, त्याच आकृत्या आणि त्याच उत्तरपत्रिका यांत बुडालेल्या माणसाच्या मनात विज्ञान म्हणजे विचारावयाचा प्रश्न नसून सांगावयाचे उत्तर, अशी धारणा नकळत तयार होते आणि तीच विद्यार्थ्यांकडे संक्रमित होते. शिक्षक स्वतः काही दिवस प्रयोगकर्ता झाला, त्याचा एखादा प्रयोग फसला, भांड्यातील पाणी नको तेथे उडाले, लंबकाचा दोरा गुंतला आणि पुढच्या फेरीत त्याने तो सोडवून पाहिला, तर ही धारणा हलू शकते. या उड्डाणांचे खरे समर्थन करावयाचे तर ते या मुद्द्यावर करावयास हवे. 'प्रेरणा' हा शब्द मात्र जपून वापरावा लागेल, आणि त्याला कारण अमेरिकेच्याच इतिहासात आहे.

त्र्याहत्तर सेकंद

शिक्षकाला अंतराळात पाठविण्याची कल्पना १९८४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जाहीर केली. ११,००० हून अधिक शिक्षकांनी अर्ज केले. त्यांतून न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉन्कॉर्ड येथील क्रिस्टा मॅकऑलिफ या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिकेची १९८५ साली निवड झाली, आणि आयडाहोतील बार्बरा मॉर्गन यांना राखीव म्हणून निवडण्यात आले. दोघींनी केसी-१३५ विमानातून वजनरहित अवस्थेचा सरावही केला. मॅकऑलिफ या अंतराळातून दोन पाठ देणार होत्या आणि ते दूरचित्रवाणीवरून शाळाशाळांत दिसणार होते. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. आपल्यासारखीच एक शिक्षिका अंतराळात जात आहे म्हणून अनेक शाळांतून ते उड्डाण मुलांना थेट दाखविले जात होते.

पुढे चौकशीत जे उघड झाले ते विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे. यानाच्या घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडलेले होते तेथे रबरी कडी बसविलेली होती. थंडीत या रबराची लवचीकता कमी होते. उड्डाणाच्या आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असे सांगितले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. चौकशी आयोगाचे सदस्य, नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड फाइनमन यांनी आयोगाच्या जाहीर बैठकीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडविला आणि बाहेर काढून दाखविला. चिमटा सैल केल्यावर रबर लगेच मूळ आकारात येत नव्हते. अब्जावधी डॉलरांच्या यंत्रणेला जे बोलावयाचे नव्हते ते एका पेल्यातील बर्फाच्या पाण्याने सांगितले.

या घटनेतून दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात. एका बाजूला प्रेरणेचा सोहळा होता: देशभर निवड, मिरवणुका, मुलाखती, शाळाशाळांतून लावलेले दूरचित्रवाणी संच. दुसऱ्या बाजूला एक साधा प्रश्न होता: इतक्या थंडीत हे रबर काम करील काय? सोहळ्याच्या घाईत प्रश्न मागे पडला. मॅकऑलिफ यांच्या धैर्याला आणि निष्ठेला यामुळे कोणतेही उणेपण येत नाही. उलट, शिक्षक म्हणून त्या ज्या वृत्तीचे प्रतिनिधित्व करीत होत्या तिचाच त्या दिवशी यंत्रणेत अभाव होता, असे म्हणावे लागते.

त्यांचे काम अर्धवट सोडले गेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. बार्बरा मॉर्गन शिकविण्याच्या कामावर परतल्या, १९९८ साली त्यांची पूर्ण वेळ अंतराळवीर म्हणून निवड झाली आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये 'एन्डेव्हर' यानातून त्या अंतराळात जाऊन आल्या. राखीव म्हणून झालेल्या निवडीनंतर यासाठी त्यांना २२ वर्षे थांबावे लागले. जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड या दोन माजी शिक्षकांनी २०१८ साली अंतराळस्थानकावरून मॅकऑलिफ यांच्या नियोजित पाठांतील काही प्रयोग करून दाखविले. त्यांतील बहुतेक प्रयोग पाण्याचे, जडत्वाचे आणि द्रवांच्या वर्तनाचे, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलेच होते.

प्रतिष्ठानाची थैली आणि शिक्षकाचा खिसा

आता उपक्रमाविरुद्धच्या आक्षेपांकडे वळता येईल. पहिला आक्षेप पैशाचा. झीरो ग्रॅव्हिटीच्या विमानातील एका जागेचे भाडे प्रारंभीच ३,००० डॉलरांच्या घरात होते आणि पुढे ते वाढतच गेले. इतक्या पैशांत एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेला वर्षभराचे साहित्य पुरले असते. दुसरा आक्षेप दात्याविषयीचा. ज्या कंपनीचे मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेचे संरक्षण खाते आहे तिला उद्याचे अभियंते हवे आहेत आणि आज शिक्षकांची सदिच्छाही हवी आहे. तिच्या औदार्यात हा हिशेब नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. तिसरा आक्षेप व्याप्तीचा. देशातील लाखो शिक्षकांपैकी फारच थोड्यांना अशी संधी मिळू शकते.

यांपैकी दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इतकेच की विज्ञानशिक्षणाला अमेरिकेत संरक्षणाच्या थैलीतून पैसा मिळणे ही नवी गोष्ट नाही. १९५७ साली सोव्हिएत रशियाचा 'स्पुतनिक' पृथ्वीभोवती फिरला आणि लगेच १९५८ साली त्या देशाने शिक्षणासाठी जो मोठा कायदा केला त्याच्या नावातच 'राष्ट्रीय संरक्षण' हे शब्द होते. पैसा कोठून आला यापेक्षा तो आल्यावर वर्गात काय शिकविले जाते यावर शिक्षकाचा अधिकार राहिला की नाही, ही कसोटी अधिक उपयोगाची आहे. पहिला आणि तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहेत, आणि ते एकत्र पाहिले म्हणजे अमेरिकेतील एक विसंगती डोळ्यांत भरते.

त्या देशाच्या प्राप्तिकर कायद्यात २००२ पासून एक सवलत आहे. शिक्षकाने वर्गासाठी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चापैकी २५० डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. २०२२ साली ही मर्यादा ३०० डॉलर झाली. ही सवलत उपकारक आहे यात शंका नाही. पण तिचा अर्थ काय होतो? जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रांपैकी एकाच्या कायद्याने असे गृहीत धरले आहे की शिक्षक वही, खडू, चुंबक, काचेच्या नळ्या स्वतःच्या पगारातून आणणारच. डॉक्टरने शस्त्रक्रियेची कात्री किंवा वैमानिकाने विमानाचे तेल घरून आणावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. एकीकडे शिक्षकाला आकाशात तरंगविण्यासाठी हजारो डॉलर उभे राहतात आणि दुसरीकडे जमिनीवरच्या प्रयोगासाठी त्याला आपल्याच खिशात हात घालावा लागतो. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी आपल्या प्रसिद्ध अहवालात देशाच्या वैज्ञानिक भवितव्याचा विचार करताना पहिली शिफारस शाळांविषयी केली होती, आणि तीत दरवर्षी विज्ञान-गणिताचे १०,००० नवे शिक्षक भरती करण्यास सांगितले होते. अहवाल लिहिणाऱ्यांना आजार कळलेला होता. परंतु भरती, पगार, साहित्य आणि वेळ यांचा प्रश्न रेंगाळतो, आणि उड्डाणाचे छायाचित्र मात्र दुसऱ्याच दिवशी छापून येते.

प्रेरणेविषयी सावध राहावयाचे ते यासाठी. प्रेरणा ही साधनांना जोड म्हणून मिळाली तर तिच्यासारखी मोलाची गोष्ट नाही. साधनांच्या ऐवजी ती देऊ केली जाते तेव्हा समाज आपली जबाबदारी स्वस्तात झटकून टाकीत असतो. शिक्षकाचा सत्कार करणे, त्याला राष्ट्राचा शिल्पकार म्हणणे, वर्षातून एक दिवस त्याच्या नावे करणे या सर्वांना खर्च थोडा येतो. त्याच्या वर्गातील मुलांची संख्या कमी करणे, त्याला प्रयोगाच्या तयारीसाठी आठवड्यातून दोन तास मोकळे देणे, यांना खर्च अधिक येतो आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही.

जमिनीवरची शाळा

शिक्षकाला प्रयोगकर्ता करावयाचे तर त्यासाठी विमानच लागते असे नाही, याचा दाखला भारतात आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो शेकडो शाळांत पोहोचला. त्याचे वैशिष्ट्य असे की मुलांनी जे प्रयोग करावयाचे ते सर्व आधी शिक्षकांनी स्वतः करावयाचे, त्यांवर वाद घालावयाचा, निष्कर्ष स्वतः काढावयाचे. विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील वैज्ञानिक या शिबिरांत शिक्षकांबरोबर बसत. मुलांची परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून आणि प्रत्यक्ष प्रयोग करवून घेतली जाई. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ साली बंद केला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी महानगरपालिकेच्या शाळांतील शिक्षकांबरोबर जे काम आरंभिले त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील ग्रामीण शाळांतही या केंद्राने आपले काम नेले. या कोणत्याही प्रयत्नात कोणी हवेत तरंगले नाही. पण शिक्षकाने आधी स्वतः शिकणारा व्हावे, हे सूत्र तेच होते.

वजनरहित अवस्थेचाच पाठ घ्यावयाचा म्हटले तरी त्याची सोय कोणत्याही दुमजली शाळेत होते. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडावे, त्यावर बोट धरून पाणी भरावे आणि बोट काढावे. पाण्याची धार बाहेर येते, कारण वरच्या पाण्याचे वजन खालच्या पाण्याला रेटते. खाली कोणी नाही याची खात्री करून तीच बाटली वरच्या गच्चीतून सोडून द्यावी. बाटली पडत असेपर्यंत धार थांबते. मैदानात ती वर फेकली तरी हातातून सुटल्यापासून पुन्हा झेलेपर्यंत, चढतानाही आणि उतरतानाही, धार बंद राहते. अवधी जेमतेम सव्वा सेकंदाचा आहे आणि खर्च एका रिकाम्या बाटलीचा. अंतराळस्थानकात अंतराळवीर का तरंगतो याचे संपूर्ण उत्तर या सव्वा सेकंदात आहे. मुलांना आधी विचारावे, कोण काय म्हणतो ते फळ्यावर लिहावे, मग बाटली सोडावी. पहिल्या खेपेस कोणाचा विश्वास बसत नाही आणि ती पुन्हा सोडावी लागते. हे पुन्हा सोडणे म्हणजेच विज्ञान.

मग असा पाठ नेहमी का होत नाही? बाटली नाही म्हणून नव्हे. त्याला वेळ लागतो, वर्गात गलका होतो, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि परीक्षेत 'गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?' या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर दिले तरी पुरे गुण मिळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामे देण्यास मनाई केली. पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद त्याच कलमात ठेवले. ज्याला मतदार याद्या घेऊन घरोघर हिंडावे लागते त्या शिक्षकाने उरलेल्या वेळात प्रयोगकर्ताही व्हावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे, पुरी होणे कठीण आहे. अमेरिकेतील शिक्षकाचा खिसा आणि येथील शिक्षकाचा वेळ हे एकाच दुर्लक्षाचे दोन प्रकार आहेत.

तेव्हा अमेरिकेतील त्या उड्डाणांची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकांनी ती केली त्यांना एक विरळा अनुभव मिळाला, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना काही काळ तरी असा गुरू मिळाला की ज्याने प्रश्न विचारण्यासाठी जमीन सोडली होती. कोणी उदार दाता अशी संधी इतरत्र देऊ करील तर शिक्षकांनी ती जरूर घ्यावी. मात्र तिने शिक्षणाचा प्रश्न सुटला असे शासनाने किंवा समाजाने समजू नये. उड्डाणातील शिक्षकाला तयारीला अवधी मिळाला होता, साहित्य मिळाले होते, त्याच्या प्रयोगाला कोणीतरी महत्त्व दिले होते आणि त्याचा प्रयोग फसला तरी त्याला कोणी जाब विचारणार नव्हते. या चार गोष्टी प्रत्येक शाळेत, प्रत्येक आठवड्याला, जमिनीवर देता येतात. त्या देण्याची तयारी आहे की नाही, हा प्रश्न शिक्षकाला विचारावयाचा नाही; शाळा चालविणाऱ्या संस्थांना, शिक्षण खात्याला आणि त्यांना निवडून देणाऱ्या पालकांना विचारावयाचा आहे.